जपानी कंपनीत रुजू होताय? आधी एवढंच शिका

मनापासून अभिनंदन! पदांची लांबलचक यादी घोकत बसू नका. सुरुवातीला चार पुरेत: शाचो म्हणजे कंपनीचे प्रमुख, बुचो विभागप्रमुख, काचो त्याखालच्या उपविभागाचे प्रमुख आणि काकारिचो गटप्रमुख. हाक मारताना आडनावानंतर पद लावायचं: तानाका-काचो. पदातच मान आला, वर पुन्हा 'सान' (आपल्या 'जी'सारखं आदरार्थी) नको. काही कंपन्यांत मात्र सरसकट 'सान' चालतं, म्हणून पहिला आठवडा कान उघडे ठेवा.

नवखे हमखास अडखळतात ते ग्राहकाच्या फोनवर. बाहेरच्यांशी बोलताना आपल्या साहेबांचा उल्लेख नुसता 'तानाका' असा करायचा. ना सान, ना मागे पद. आपल्याला साहेबांचं नाव असं उघडं घ्यायची सवय नसते, त्यामुळे जीभ अडते. पण परक्यांसमोर आपल्या माणसांकडे कमीपणा घेणं हाच तिथला शिष्टाचार. हे घरी मोठ्यानं म्हणून बघा, खरंच उपयोग होतो.

बाकी थोडक्यात:

- कामाच्या श्रमांची दखल घेताना वरिष्ठांना 'गोकुरोसामा' म्हणू नका, ते वरच्यांनी खालच्यांना म्हणायचं. 'ओत्सुकारेसामा देस' म्हणा.
- वरिष्ठांनी काम सांगितलं की 'समजलं' या अर्थी 'र्योकाई' नको, त्याहून नम्र 'शोची शिमाशिता' म्हणा.
- व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी घ्या, वाचा, बैठक संपेपर्यंत टेबलावरच ठेवा.

केइगोचं, म्हणजे जपानीतल्या आदरार्थी भाषेचं, सगळं व्याकरण सध्या बाजूला राहू द्या. एवढं तोंडात बसलं की विचारा, पुढचं नक्की सांगते.