आजोळी गेल्यावर आई-बाबांनी जरा गायब व्हावं

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी ११ वर्षांची, मुलगा ८ वर्षांचा. माझे आई-बाबा देवरुखला असतात. लहानपणी मे महिन्यात आजीकडे घालवलेले दिवस मी अजून विसरले नाही. मुलांनाही ते मिळावेत म्हणून दर दोन वर्षांनी आम्ही जूनअखेरीला जातो. मागच्या खेपेला चौथ्याच दिवशी दोघं "घरी कधी जायचं?" म्हणून मागे लागली. ते ऐकून आई हिरमुसली. यंदा जावं की नाही?

उत्तर : जा हो, जरूर जा. पण तुम्हीच पत्रात पुढे लिहिलंय की त्या चार दिवसांत गणपतीपुळे झालं, मार्लेश्वर झालं, रत्नागिरीचा थिबा राजवाडा झाला आणि एक अख्खा दिवस चुलत सासूबाईंकडे गेला. मग आजीकडे राहिलात कधी?

माझं आजोळ राजापूर तालुक्यात. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ साली, तोवर माझं बालपण कधीच सरलं होतं. आम्ही मुंबई सेंट्रलहून रात्रीच्या एसटीने जायचो. कशेडी घाटात कुणीतरी हमखास ओकायचं, बहुतेक मीच. बाबा दोन दिवस राहून मुंबईला परतायचे. आई माहेरी आलेली, तिच्या बहिणीही आलेल्या, त्यामुळे आमच्याकडे बघायला कुणाला सवड नसायची. आम्हाला काय दाखवावं, कुठे न्यावं, हा प्रश्नच कुणाच्या डोक्यात येत नव्हता.

आणि कंटाळा? भरपूर यायचा. जेवणं झाली की चार वाजेपर्यंत घर झोपलेलं, बाहेर ऊन मी म्हणत असायचं, अंगणात जायची बंदी. मग माजघरात झब्बू नाहीतर पाच-तीन-दोन. त्याचाही वीट आला की माळ्यावरच्या आढीत हात घालायचा. पेंढ्यातला आंबा वासाने ओळखायचा, दाबून बघायचा नाही. दाबलेला आंबा तिथूनच नासतो आणि शेजारच्या चारांना नासवतो, हे मला आजीने कान पिळून शिकवलं. त्या दुपारी कुणी आमची करमणूक केली असती तर आम्ही माळ्यावर चढलोच नसतो.

तेव्हा यंदा भटकंती एका दिवसावर आणा. जमलं तर दोन रात्री मुलांना आजी-आजोबांकडे ठेवून तुम्ही दोघं रत्नागिरीला मैत्रिणीकडे जाऊन या. तुम्ही समोर असलात की मुलं तुमच्याशी इंग्रजीत बोलणार आणि तुम्ही ते आजीला मराठीत सांगणार. तुम्ही नसलात की "आजी, पाणी दे" हे त्यांना स्वतःलाच म्हणावं लागतं. चुकीचं म्हणतील, आजी हसेल, चालेल.

दुसरं, तुमचा मे महिना शोधू नका. तुमच्याकडच्या शाळा सुटेपर्यंत इथे मृग लागून गेलेला असतो आणि झाडावरचा हापूस संपलेला असतो. "आता आंबे असते ना!" हे वाक्य मुलांसमोर रोज काढलंत, तर आपण चुकीच्या वेळी आलो असंच त्यांना वाटत राहील. त्यांचं आजोळ पावसाळ्यातलं असू द्या. कौलांवरून पडणाऱ्या पागोळ्यांखाली हात धरणं, जुलैत शेजाऱ्यांच्या लावणीत गुडघाभर चिखल, टाकळ्याची भाजी, आठळ्या भाजलेल्या, वीज गेली की कंदिलाच्या उजेडात पत्ते. आंबा हवाच असेल तर आजीने मे महिन्यात वाळवलेलं साठं डब्यात असेल. (ऑस्ट्रेलियातल्या वाचकांची सुट्टी डिसेंबर-जानेवारीत. त्यांनी मुलांना देशावर हुरड्याला न्यावं. नाहीतर रायगडात पोपटीला : मडक्यात वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला, पाण्याचा थेंब नाही. असला स्वयंपाक मुलांनी पाहिलेला नसतो.)

आईंशी मात्र निघण्याआधीच फोनवर बोला. नातवंडं येणार म्हणून त्या दोन दिवस राबून पुरणपोळ्या करतात, मुलं अर्धी खाऊन ताट सरकवतात, आणि तिथेच पहिली ठेच लागते. "मऊ भात, मेतकूट, वर तूप, एवढंच कर," असं सांगा. त्यांचंही वय झालंय. मुलांना पाहुण्यासारखं न ठेवता कामाला लावा. पूजेची जास्वंद-तगर काढणं, आजोबांबरोबर नारळ सोलणं, केर काढणं. माझ्या मामाकडे चहाचे कप विसळणं हे माझं काम होतं आणि त्याचा मला फार तोरा होता.

मच्छरदाणी, उकळलेलं पाणी, जाण्याआधी महिना-दीड महिना डॉक्टरांना लसींबद्दल विचारणं हे तुम्ही करताच, त्यावर जास्त लिहीत नाही.

राहिला तो चौथा दिवस. उन्हाळ्यात तुमच्या-आमच्या घड्याळात साडेनऊ तासांचा फरक. मुलं दुपारी पेंगणार आणि पहाटे तीन-साडेतीनला टक्क जागी होणार. अर्धवट झोपेत चार दिवस गाडीतून फिरवलेलं पोर घरी जायचंच म्हणेल, त्यात आजीचा काही दोष नाही. तुम्ही त्यांना अंधारात थोपटून पुन्हा झोपवायला बघत असाल. नका. तुमचे बाबा साडेचारला उठून बंब पेटवतात, असं तुम्हीच लिहिलंय. मुलांना त्यांच्याकडे पाठवा, नारळाची सोडणं-करवंट्या बंबात सरकवू द्या, ते देतील तो अर्धा कप चहा पिऊ द्या. आठ वर्षांच्या पोराला चहा कशाला, हे तेवढं त्या पहाटे म्हणू नका. खरं तर तुम्ही उठूच नका.