तिचं वाक्य नसताना बघ

प्रिय,

"स्मिता पाटीलचे दहा सीन पाहिले, पण ती त्यात काही करतच नाही," असं तू लिहिलंस. राग नाही आला. उलट बरं वाटलं. बाकीचे नीट न बघताच "काय डोळे!" म्हणून मोकळे होतात. पण तू सीन पाहिलेस कुठे? मोबाइलवर, दीड-दोन मिनिटांचे तुकडे. असे तुकडे कापणारा माणूस संवादापासून संवादापर्यंत कापतो. समोरच्याचं बोलणं लांबलं की कात्री. या बाईचं निम्मं काम त्या कात्रीत जातं. म्हणून एकच सांगतो, आणि कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे: तिचं वाक्य नसताना तिच्याकडे बघ.

पंधरा मिनिटांच्या सादरीकरणासाठी तुला पाच "सर्वोत्तम" चित्रपट हवे आहेत. पुरस्कार बघून यादी केलीस तर काम पाच मिनिटांत होईल: 'भूमिका' आणि 'चक्र', दोन्हींना राष्ट्रीय पुरस्कार. मग पुढे काय बोलणार? "अप्रतिम अभिनय"? हे शब्द माझ्यासमोर उच्चारू नकोस.

सुरुवात 'अर्थ'पासून कर. ती त्यात नायिका नाही, म्हणूनच. पार्टीत दारूच्या भरात शबाना आझमीची पूजा सगळ्यांसमोर कवितावर, म्हणजे स्मितावर, तुटून पडते, तो प्रसंग काढ. सगळं जग तिथे शबानाकडे बघतं, आणि बघावं असंच ते काम आहे. तू दुसऱ्यांदा लावशील तेव्हा आवाज बंद कर आणि फक्त स्मिताकडे बघ. शिव्या खाणारी बाई उभी कशी आहे, नजर कुठे ठेवते, कधी काढून घेते. कविताचं पुढे जे मानसिक कोसळणं आहे त्याची पायाभरणी इथे आहे, आणि तिच्या वाट्याला बोलायला जवळपास काही नाही.

पद्धत सांगतो. प्रत्येक चित्रपट तीनदा. पहिल्यांदा सलग, एका बैठकीत, फोन दुसऱ्या खोलीत. दुसऱ्यांदा निवडलेली दहा मिनिटं, आवाज बंद. तिसऱ्यांदा तीच दहा मिनिटं, डोळे मिटून, फक्त आवाज. वहीत तीन रकाने: समोरचा काय म्हणतो, तेव्हा तिचे हात काय करतात, तिचा श्वास कुठे बदलतो. "दुःखी", "संतप्त" असली विशेषणं वहीत नकोत. "पदर सारखा केला", "मान अर्धी वळवून थांबली" असं लिही.

आणि प्रिंट तपास. जुने चित्रपट रुंद पडद्यावर भरावेत म्हणून कुणीतरी वरून-खालून छाटून चढवलेले असतात. त्यात कपाळ जातं, हात जातात. काही ठिकाणी डावी-उजवी बाजू गेलेली असते, आणि ऐकणारं माणूस बहुतेक वेळा कडेलाच असतं. डोकी कापलेली दिसली की ती प्रत बंद कर, दुसरी शोध.

'भूमिका' (1977) आता घे. हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर बेतलेला. स्मिता तेव्हा जेमतेम एकवीस-बावीस वर्षांची होती, आणि तिला कोवळ्या मुलीपासून थकलेल्या बाईपर्यंत जायचं होतं. दिग्दर्शक श्याम बेनेगलांनी काळ बदलल्याची खूण रंगीत आणि कृष्णधवल चित्रणातून दिली आहे. तिने ती अंगातून दिली आहे. वहीत चार पुरुषांचे चार रकाने कर: नवरा केशव, नट राजन, दिग्दर्शक सुनील, जमीनदार काळे. प्रत्येकाच्या समोर ती बसते कशी, दाराशी थांबते कशी, चालताना टाच कशी टेकते. काळेच्या वाड्यात त्याची अंथरुणाला खिळलेली बायको तिला पुरुषांबद्दल सुनावते. त्या वाक्यांचे तुकडे सगळीकडे फिरतात. कुणी ऐकणारीचा चेहरा लावत नाही! तू लाव.

'जैत रे जैत'बद्दल तुझी तक्रार अशी की गाणीच लक्षात राहतात. खरं आहे. हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, महानोरांचे शब्द. स्मिताची चिंधी त्यांच्यामागे दडते. म्हणून आवाज बंद. ठाकर आदिवासींची नेसण, चढावरची चाल, नाग्या मधमाश्यांच्या नादात बोलत असताना त्याच्याकडे लागलेली नजर. हा नाग्या म्हणजे मोहन आगाशे. हेच आगाशे 1981च्या 'सद्गती'त ब्राह्मण आहेत, आणि त्यांच्या बंद दाराशी, पावसात, झुरिया झालेली स्मिता टाहो फोडते. दोन्ही चित्रपट एकापाठोपाठ बघ. सत्यजित राय यांचा हा चित्रपट तासाभराहून कमी आहे, सबब चालणार नाही. टाहोवर थांबू नकोस मात्र. सुरुवातीला तिचा नवरा, दुखी नावाचा, घरातून निघतो, नुकताच तापातून उठलेला, तेव्हा तिची काळजी कशी दिसते ते बघ. ते पाहिलं नाहीस तर शेवटचं रडणं नुसतं रडणं वाटेल.

'चक्र'च्या उघड्यावरच्या आंघोळीचं पोस्टर लोकांना आठवतं, तिने उभी केलेली अम्मा आठवत नाही. याची चीड मला अजून येते, असो. 'मिर्च मसाला'तली शेवटची विळ्याची चौकट तर तू पाहिलीच असशील, सगळ्यांनी पाहिली आहे. त्याआधी मिरचीच्या कारखान्यात बायका तिला सुभेदाराच्या हवाली करायचं की नाही यावर वाद घालतात. तो वाद तिच्याबद्दल आहे. सोनबाई तेव्हा काय करते, ते लिहून आण. व्यावसायिक चित्रपटांपैकी 'शक्ती' बघ. बाकीच्यांसाठी तुझा वेळ आत्ता घालवू नकोस. मल्याळम 'चिदंबरम्' जमला तर नक्की. उपशीर्षकं झाकलीस तरी चालेल.

माझ्या मते सर्वांत वर 'उंबरठा'. इथे मी हटवादी आहे. सुलभा महाजन घर-मुलगी मागे ठेवून स्त्री-सुधारगृहाची अधीक्षक होते, हरून परत येते, आणि नवरा सांगतो की त्याचे दुसऱ्या बाईशी संबंध आहेत. गिरीश कार्नाड बोलतात. ती ऐकते. होणारी नटी या प्रसंगात डोळ्यांत पाणी कधी आणायचं एवढाच विचार करते, आणि तिथेच फसते. तुम्ही पोरं प्रतिक्रिया पूर्णविरामावर देता. समोरचा थांबला की चेहरा हलतो, टपाल पोचल्यासारखा. माणसाला बातमी वाक्याच्या मधेच कळते, एका शब्दावर. दोष तुमचा एकट्यांचा नाही. आम्ही शिकवणाऱ्यांनी वर्षानुवर्षं संवादच पाठ करून घेतले, समोरच्याच्या ओळी "क्यू", म्हणजे आपलं वाक्य सुरू करायची नुसती खूण, म्हणून सोडून दिल्या. आता मी एकाच गोष्टीचं तुणतुणं वाजवतो असं वर्गात म्हणतात. म्हणोत. संकलक कोणाच्या चेहऱ्यावर थांबणार हे ऐकणाऱ्याच्या कामावर ठरतं, आणि जो ऐकत नाही त्याचा शॉट कापला जातो. हे कुणी तुला सांगायला हवं ना?

हे करून बघ. मैत्रिणीला मिनिटभराचा उतारा वाचायला दे. त्यातल्या एकाच शब्दाखाली रेघ ओढ, तिला दाखवू नकोस. तू समोर मेथी निवडत बस, खरी मेथी, जुडीभर. त्या शब्दावर फक्त श्वास बदल. भुवया नाहीत, मान नाही. फोन छातीच्या उंचीवर ठेवून चित्रित कर आणि आवाज बंद करून तिसऱ्या कुणाला तरी दाखव. उतारा त्याच्या हातात दे. त्याने शब्द ओळखला तर जमलं. पहिल्या चार-पाच वेळा नाही ओळखणार, कारण तू शब्द येण्याआधीच तयार होऊन बसशील आणि हात थांबतील. हात थांबले की फसलं. पुन्हा कर.

सादरीकरणात पाचच्या ऐवजी तीन चित्रपट घे: 'अर्थ', 'भूमिका', 'उंबरठा'. प्रत्येकी एक प्रसंग, आधी आवाज बंद करून, मग आवाजासह. 'उंबरठा'ची 'सुबह' ही हिंदी आवृत्तीही आहे, पण आधी मराठी बघ. गुरुवारी येशील तेव्हा वही आण. मेथीचं चित्रणही, बिघडलेलं असलं तरी.