'ग्रास' म्हणजे खबऱ्या का?

प्रश्न असा आहे: 'द लाँग गुड फ्रायडे' या 1980 च्या चित्रपटासारख्या ब्रिटिश गुन्हेगारीपटांची मराठी उपशीर्षकं करताना 'ग्रास' (grass, म्हणजे साथीदारांची माहिती पोलिसांना देणारा) या इंग्रजी बोलीतल्या शब्दाला 'खबऱ्या' चालेल का?

माझ्या मते बहुतेक ठिकाणी नाही चालणार. 'ग्रास' असं देवनागरीत लिहून सोडून देणं तर त्याहून वाईट, कारण मराठी वाचकाला आधी घास आठवेल, मग खग्रास ग्रहण.

आधी शब्द कुठून आला ते पाहू. लंडनच्या ईस्ट एंडमधल्या कॉकनी बोलीत यमकावरून शब्द घडतात. जिन्याला, म्हणजे 'स्टेअर्स'ला, 'ॲपल्स अँड पेअर्स' म्हणायचं आणि मग यमकाचं शेपूट छाटून नुसतं 'ॲपल्स'. तसंच 'कॉपर' म्हणजे पोलिस, त्याला जुळणारं 'ग्रासहॉपर' म्हणजे नाकतोडा, आणि त्यातून उरलं 'ग्रास'. दुसरं मत असं की मूळ यमक 'शॉपर'शी आहे. 'शॉप करणं' म्हणजे एखाद्याला पोलिसांच्या हवाली करणं. मला दुसरं मत जास्त पटतं, कारण 'ग्रास' हा पोलिस नसून पोलिसांना सांगणारा असतो.

आता मराठी. 'खबऱ्या' हा पोलिसांच्या बाजूचा शब्द. फौजदार "माझा खबऱ्या आहे" असं सहज म्हणतो, त्यात तिरस्कार नाही. 'ग्रास' मात्र टोळीतला माणूस म्हणतो, आणि तो थुंकल्यासारखा म्हणतो. म्हणून आधी बघा, वाक्य कोणाच्या तोंडी आहे.

'फितूर' जवळचा वाटतो, पण त्याचा पल्ला मोठा. शत्रूला मिळालेला किल्लेदारही फितूर आणि कोर्टात साक्ष फिरवणाराही फितूर. याच चित्रपटात बॉब हॉस्किन्सने रंगवलेला टोळीप्रमुख हॅरॉल्ड शँड, कोण उलटलंय हे शोधायला लंडनच्या गुंडांना खाटकाच्या आकड्यांना उलटं टांगतो. प्रत्यक्षात घोळ घातलेला असतो त्याच्या उजव्या हाताने, जेफने, हॅरॉल्डच्या नकळत व्यवहार करून. जेफला फितूर म्हणता येईल. पण तो पोलिसांकडे जात नाही, म्हणून तो 'ग्रास' नव्हे. हा फरक उपशीर्षकात टिकला पाहिजे, नाहीतर गोष्टच बदलते.

मग काय लिहावं? क्रियापद घ्या. 'फुटणे' हे आपल्याकडचं तयार क्रियापद आहे: साथीदार फुटतो, आमदार फुटतो. "He grassed on me" याला "तो पोलिसांना फुटला" हे नेमकं बसतं. नामच हवं असेल, शिवी म्हणून, तर 'घरभेदी'. 'चहाडखोर' नको, तो शाळेच्या बाकावरचा शब्द आहे.

राहिला 'सुपरग्रास', म्हणजे एकदम अनेक साथीदारांची नावं सांगणारा. 1970 च्या दशकात हा शब्द रूढ झाला. बँक दरोडेखोर बर्टी स्मॉल्सने स्वतःला माफी मिळवून जुन्या साथीदारांविरुद्ध साक्ष दिली, ती या प्रकारातली पहिली मोठी साक्ष मानतात. वकील किंवा पोलिस बोलत असतील तर सरळ 'माफीचा साक्षीदार' लिहा. टोळीवाला बोलत असेल तर तो कायद्याची भाषा बोलणार नाही. तिथे "सगळ्यांची नावं ओकला" लिहा.