हृदयाला छिद्र असलेल्या बाळासाठी मदत कुठे मागावी?

प्रश्न : माझ्या पुतणीच्या आठ महिन्यांच्या मुलाच्या हृदयाला छिद्र आहे. सुनील गावसकर अशा मुलांच्या शस्त्रक्रियांचा खर्च उचलतात, असे वाचनात आले. त्यांच्याकडे अर्ज कसा करावा? की अशी मदत केवळ प्रसिद्धीपुरती असते?
– एक वाचक, सेलू, जि. परभणी

उत्तर : शेवटच्या शंकेचे उत्तर आधी देतो. जन्मजात हृदयविकार असलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या हार्ट टू हार्ट फाउंडेशनशी गावसकर जोडलेले आहेत आणि अमेरिकेतील भारतीयांपुढे जाऊन त्यांनी या मुलांसाठी निधी उभा केला आहे. २०२० मध्ये आपल्या ७१व्या वाढदिवसानिमित्त त्यांनी ३५ मुलांच्या शस्त्रक्रियांचा भार उचलला. कसोटीतील ३४ शतके आणि १९८७च्या विश्वचषकात नागपूरला झळकावलेले त्यांचे एकमेव एकदिवसीय शतक मिळून हा आकडा होतो. ज्या दानाचा हिशेब मुलांच्या संख्येत मांडता येतो, त्याला प्रसिद्धी म्हणून बाजूला सारणे मला अन्यायाचे वाटते.

मात्र अर्ज गावसकरांकडे करण्याची गरज नाही. त्यांची मदत ज्या रुग्णालयामार्फत मुलांपर्यंत पोहोचते, त्या नवी मुंबईतील खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेचे पैसे कोणाकडूनच घेतले जात नाहीत. त्यामुळे देणगीदार शोधत बसण्यापेक्षा बाळाचा टू-डी एकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) अहवाल घेऊन रुग्णालयाशीच थेट संपर्क साधावा. सेलूहून देवगिरी एक्स्प्रेसने ठाण्याला उतरल्यास तेथून पनवेलच्या लोकलने खारघरला जाता येते.

त्याआधी परभणीच्या जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाची भेट घ्यावी, असे मी आग्रहाने सुचवेन. २०१३ पासून चालणाऱ्या या कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि हृदयाचा दोष आढळल्यास पुढील उपचारांसाठी पाठवण्याची सोय केली जाते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयांतही अशा शस्त्रक्रिया होतात. रेशनकार्ड व आधारकार्ड दाखवल्यास तेथील आरोग्यमित्र कागदपत्रांचे पुढचे काम समजावून सांगतात.

प्रश्न : माझ्या भावाचे कुटुंब ऊसतोडीला जाते. त्यांच्या मुलीलाही असेच छिद्र आहे, पण ते आपोआप बुजते, असे लोक सांगतात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप हंगाम संपेपर्यंत, थांबले तर चालेल का?
– एक वाचक, वडवणी, जि. बीड

उत्तर : हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील लहान छिद्रे पहिल्या काही वर्षांत अनेकदा बुजतात, हे खरे आहे. छिद्र मोठे असेल तर मात्र फुप्फुसांकडे गरजेपेक्षा जास्त रक्त जात राहते, तेथील दाब वाढतो, रक्तवाहिन्या जाड होत जातात आणि एका मर्यादेनंतर छिद्र बुजवणेच धोक्याचे ठरते. म्हणजे पैसा, डॉक्टर आणि देणगीदार सगळे हजर असूनही उपाय हातातून गेलेला असतो. म्हणून थांबायचे की नाही, हे एको पाहून बालहृदयरोगतज्ज्ञांनीच ठरवायला हवे. दूध पिताना धाप लागणे, कपाळावर घाम येणे, वजन न वाढणे, वारंवार न्यूमोनिया होणे, यांपैकी काहीही दिसत असेल तर हंगाम संपण्याची वाट मुळीच पाहू नये आणि ओठ निळे पडल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

ऊसतोडीला गेलेल्या घरांतील मुले गावच्या अंगणवाडीतील तपासणीच्या वेळी गावात नसतात आणि मराठवाड्यातील अनेक बाळांचे निदान त्यामुळेच उशिरा होते, याची मला फार काळजी वाटते. आपल्या भावाने एकोचा अहवाल आणि औषधांची चिठ्ठी टोळीबरोबर न्यावी, पुढच्या तपासणीची तारीख मुकादमाला आधीच सांगून ठेवावी आणि फडाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मुलीचे वजन दरमहा करून घ्यावे.