माहेरच्या कोण तुम्ही?

प्रिय मनू,

आपल्या मॉरिशसच्या सहलीहून हॉस्टेलवर परत गेल्यापासून तू तीनदा विचारलंस, "आई, नाश्त्याला भेटलेली बाई पाच मिनिटांत माझी मावशी कशी झाली? आणि तू अनोळखी माणसांना गाव का विचारतेस?" फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र.

शेजारच्या टेबलावर ती मुलाला "अरे, सांडशील!" म्हणाली आणि माझे कान टवकारले. आडनावावरून काही उमगेना. मग विचारलं, "माहेरच्या कोण तुम्ही?" आपल्याकडे बाईच्या नात्याचा माग काढायचा तर हाच प्रश्न. लग्नात आडनाव बदलतं, पूर्वी तर पाळण्यातलं नावही बदलायचे. (मला ही पद्धत मुळीच आवडत नाही.) तिचं माहेर देवरुखचं, आडनाव तुझ्या पणजीच्या माहेरचंच! पण पणजीचं आपल्याला ठाऊक असलेलं नाव तिने कधी ऐकलेलं नव्हतं. तिच्या घरी गोष्ट होती ती वडिलांच्या आत्याची: चिंचेवरून पडली आणि भुवईवर खोक पडली. त्या खुणेवरून मी लहानपणी कितीदा बोट फिरवलंय.

म्हणजे तिचे वडील तुझ्या आजीचे मामेभाऊ. ती माझी बहीण लागते, म्हणून तुझी मावशी. नुसती म्हणायला नाही, खरीच. इथे इंग्लंडात तू "कझिन" म्हणून मोकळी होशील, पण मामाकडची की आत्याकडची, ते त्यातून कुठे कळतं?

टॅक्सीवाल्या काकांना गाव विचारलं तो मात्र माझा आगाऊपणा. 1834 पासून मजुरीच्या करारावर भारतातून लाखो माणसं मॉरिशसला नेली, त्यांत कोकणातलीही होती. आपण पाहिलेल्या आप्रवासी घाटाच्या, म्हणजे मजूर जिथे उतरायचे त्या बंदरावरच्या ठाण्याच्या, पायऱ्या त्यांतल्या कितीतरी जणांनी चढल्या. कागदावर मजुराचं जे नाव लागलं, तेच पुढे अनेक घरांचं आडनाव झालं. काकांचंही आडनाव म्हणजे खापरपणजोबांचं नाव. गाव? "रत्नागिरी," एवढंच त्यांना ठाऊक. माहेर विचारायला तर कुणी उरलेलंच नाही. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या मजुरांच्या जुन्या नोंदी आहेत. काका अजून तिकडे गेलेले नाहीत. "गणपती झाले की जाईन," म्हणाले.

मावशी रविवारी फोन करणार आहे. तू स्कॅन केलेला पणजीचा फोटो तेवढा पाठव. तिला भुवई बघायचीय.

तुझी,
आई