महामारीत वणवे विझवणाऱ्या तुकड्यांच्या कामावर काय परिणाम होतो?

तुम्ही विचारलंय की कोविडसारखी साथ आली तर वणवे विझवणाऱ्यांच्या कामावर नेमका काय परिणाम होतो, आणि ही मंडळी उघड्या जंगलात काम करतात तर त्यांना लागण होतेच कशी.

जाळरेषेवर लागण होण्याची भीती खरंच कमी. जाळरेषा म्हणजे आगीच्या वाटेतलं गवत-झुडूप खरवडून उघडी पाडलेली मातीची पट्टी. ती काढताना दोन माणसांत साधारण दहा फुटांचं अंतर ठेवावंच लागतं, कारण शेजाऱ्याची कुऱ्हाड कुठे फिरेल याचा नेम नसतो. शिवाय वारा असतो. पण काम संपल्यावर तीच वीसेक माणसं दोन गाड्यांत खेटून बसतात, खडबडीत रस्त्याने छावणीत येतात आणि शेकडो लोकांबरोबर जेवणाच्या रांगेत उभी राहतात. साथ पसरते ती इथे.

मी वणव्यांसाठी नकाशे करतो, अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत. त्यामुळे उदाहरणं तिकडचीच देतो, आणि मुख्यतः 2020 ची.

मोठ्या वणव्याची छावणी हजार-दोन हजार माणसांची होऊ शकते. माणसं देशभरातून येतात. एक फेरी साधारण 14 दिवसांची असते, गरज पडली तर 21 पर्यंत वाढवतात, मग थोडी विश्रांती आणि पुढचा वणवा, बहुतेक वेळा दुसऱ्याच राज्यात. झोप अपुरी, हात मातीने माखलेले, फुप्फुसांत धूर. कोविडच्या कितीतरी आधीपासून छावणीतला खोकला घरी घेऊन जाणं ही नेहमीचीच गोष्ट होती, त्याची कुणी दखलही घेत नसे. एका ठिकाणी गोळा होऊन पुन्हा चारी दिशांना पांगणारी इतकी माणसं एखाद्या विषाणूला आयतीच मिळतात.

2020 च्या वसंतात यावर जो तोडगा निघाला तो मला आजही शहाणपणाचा वाटतो. प्रत्येक तुकडी म्हणजे एक घर मानायचं. घरातल्या घरात मास्क नाही, अंतर नाही. गाडी, जेवण, झोप सगळं एकत्र. पण दुसऱ्या तुकडीशी संबंध नाही. एका भल्यामोठ्या छावणीऐवजी लहान लहान तळ विखरून टाकायचे, जेवण बंद डब्यांतून पोचवायचं, सकाळची सूचनांची बैठक रेडिओवर घ्यायची. सर्दी-खोकलाही त्या हंगामात कमी दिसला, असं तुकड्यांमधले बरेच जण सांगत.

यातली मेख मात्र आकड्यांत होती. एक जण बाधित निघाला की अख्खं घर बाजूला. तेव्हाच्या नियमानुसार संपर्कात आलेल्यांना 14 दिवस वेगळं राहावं लागे, म्हणजे बरोबर एका फेरीइतके दिवस. एका माणसाच्या तपासणीचा निकाल आणि वीस जणांची फेरी संपली. कोलोरॅडोतल्या कॅमेरॉन पीक वणव्यावर लागण पसरली, तेव्हा प्रत्यक्ष बाधित झालेल्यांपेक्षा केवळ संपर्कात आले म्हणून बसवून ठेवलेल्यांची संख्या कितीतरी जास्त होती. आजारी माणसं किती, यापेक्षा कामावर नसलेली माणसं किती, हा प्रश्न मोठा ठरला.

बरं, आजारी कोण हे ओळखायचं कसं? खोकला, डोकेदुखी, थकवा, घसा धरणं, ही सगळी लक्षणं धुरात दिवस काढलेल्या कोणाही माणसात असतात. तापमान मोजायचं तर डोंगर उतरून आलेला माणूस आधीच तापलेला. छावणीच्या दारात तपासणारा आरोग्यसेवक विचारणार, "खोकला आहे का?" आणि समोरचा हसणार. त्यात आजार सांगितला तर आपल्यामुळे सगळी तुकडी घरी जाईल आणि सगळ्यांचा ओव्हरटाइम बुडेल, हे प्रत्येकाला ठाऊक. हंगामी कामगाराची वर्षभराची कमाई बरीचशी त्या ओव्हरटाइमवर असते. अशा वेळी माणूस तोंड मिटून बसला तर मला त्याचं आश्चर्य वाटत नाही.

कोलोरॅडो स्टेट विद्यापीठ आणि वन विभाग यांच्या संशोधकांनी 2020 मध्येच याचं गणित मांडलं होतं. वणवा थोड्या दिवसांत आटोपणारा असेल तर येणाऱ्या प्रत्येकाची दारातच कसून तपासणी करण्याचा फायदा जास्त. तो महिनाभर चालणारा असेल तर नुसत्या दारातल्या तपासणीने भागत नाही, आत आल्यावरचं अंतर जास्त कामाला येतं.

पण मला विचाराल तर सगळ्यात मोठा फटका आग लागण्याच्या आधीच बसला होता. कॅलिफोर्नियात वणव्यांवर काम करणाऱ्या तुकड्यांमध्ये कैद्यांचा मोठा वाटा असतो. आगीवर असताना त्यांना तासाला सुमारे एक डॉलर जादा मिळत असे. 2020 च्या जूनमध्ये सुझनव्हिल इथल्या तुरुंगात लागण पसरली. कैद्यांच्या तुकड्या जिथे राहतात त्या तळांपैकी उत्तरेकडच्या तळांवर जाणाऱ्यांचं प्रशिक्षण तिथेच होई. बघता बघता राज्यातल्या अशा 43 तळांपैकी 12 तळ बंदिस्त करावे लागले. त्यात तुरुंगांतली गर्दी कमी करायची म्हणून कमी धोक्याच्या कैद्यांना लवकर सोडलं जात होतं, आणि आगीवर पाठवतात तेही नेमके कमी धोक्याचेच कैदी! सुटका योग्यच होती, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण एका राज्याची अग्निसुरक्षा इतक्या स्वस्त मजुरीवर टेकलेली आहे, हे कळायला साथ यावी लागली. जुलैमध्ये गव्हर्नरांनी 858 हंगामी अग्निशामक भरण्याची घोषणा केली. तळांवर काम केलेल्यांना सुटल्यावर शिक्षेची नोंद पुसून घेण्याचा मार्ग देणारा कायदा त्याच सप्टेंबरात झाला. त्याआधी तीच माणसं बाहेर आल्यावर अग्निशामक म्हणून नोकरीला सहसा पात्रच ठरत नसत.

दुसरी आधीची गोष्ट म्हणजे वसंतातली नियंत्रित जाळणी. जंगलातला सुका पालापाचोळा थंड, दमट दिवसांत मुद्दाम जाळून टाकतात, म्हणजे उन्हाळ्यात आगीला खायला कमी उरतं. मार्च 2020 मध्ये कॅलिफोर्नियातल्या राष्ट्रीय वनांत ती थांबवली. साथीत लोकांच्या फुप्फुसांवर धुराचा आणखी भार नको आणि माणसं एकत्र जमायला नकोत, हा विचार होता. तो समजण्यासारखा आहे, पण तो धूर टळला नाही, पुढे ढकलला गेला. हंगामापूर्वीची शारीरिक चाचणीही (45 पौंड, म्हणजे वीसेक किलो ओझं घेऊन तीन मैल 45 मिनिटांत चालणं) आदल्या वर्षी उत्तीर्ण झालेल्यांना माफ केली. उजळणीचं प्रशिक्षण ऑनलाइन गेलं. जुन्या-जाणत्यांना याने फार फरक पडला नसेल. नव्या माणसाला पडतो.

या सगळ्यामुळे धोरणच बदललं. ठिणगी दिसली की लगेच दाबा, म्हणजे मोठी छावणी उभारायची वेळच येऊ नये. त्यासाठी विमानं-हेलिकॉप्टरं जास्त वापरा, कारण त्यात माणसं कमी लागतात. कागदावर हे छान आहे. विमानातून टाकलेलं पाणी किंवा लाल द्रव आगीचा वेग कमी करतो. आग विझते ती खाली अवजारं घेऊन उभ्या असलेल्या माणसामुळे. आणि मग ऑगस्टच्या मध्यावर कॅलिफोर्नियावर कोरडं वादळ आलं, काही दिवसांत हजारो विजा पडल्या, शेकडो आगी एकाच वेळी लागल्या. त्यातल्याच काही आगी मिळून झालेला ऑगस्ट कॉम्प्लेक्स पुढे दहा लाख एकरांच्या वर गेला. 18 ऑगस्टला देशाची सज्जता पातळी 5 वर, म्हणजे सर्वात वरच्या पायरीवर गेली. देशात मोकळी तुकडी जवळजवळ उरली नाही. मग सैन्यातले सुमारे 200 जवान आणले, कॅनडा, मेक्सिको, इस्रायलमधून माणसं आली. एरवी सोपी असलेली ही देवाणघेवाण त्या वर्षी सरहद्दीचे निर्बंध आणि तपासण्यांतून वाट काढत झाली.

धूर आणि कोविड यांचा संबंध नुसता अंदाजाचा नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी 2021 मध्ये कॅलिफोर्निया, ओरेगन आणि वॉशिंग्टनमधल्या 92 काउंट्यांची (आपल्या जिल्ह्यांसारख्या) आकडेवारी तपासली. वणव्यांच्या सूक्ष्म धूलिकणांशी निगडित सुमारे 19,700 जास्तीचे रुग्ण आणि 750 मृत्यू, असा त्यांचा हिशेब निघाला. हे आकडे रहिवाशांचे आहेत. जे धुराच्या मुळाशी उभे होते त्यांना तर जाळरेषेवर मास्क घालून राबणंही जमत नाही. चढावर ओझं घेऊन श्वास पुरत नाही, आणि साध्या मास्कने कार्बन मोनॉक्साइड अडत नाही.

(आग आणि साथ एकत्र येण्याची ही पहिली वेळ नव्हती. 12 ऑक्टोबर 1918 ला, इन्फ्लुएन्झा ऐन भरात असताना, मिनेसोटातलं क्लोके गाव जळालं. त्या आगीत 453 माणसं गेली, आणि वाचलेली हजारो माणसं जवळच्या डुलुथ शहरात दाटीवाटीने आसऱ्याला आली. 2020 मध्ये रेड क्रॉसने बेघर झालेल्यांना शाळांच्या सभागृहांऐवजी शक्य तिथे हॉटेलांत ठेवलं.)

आता माझ्या कामाचं. पूर्वी छावणीत नकाशांचा तंबू असे. संध्याकाळी क्षेत्र निरीक्षक, म्हणजे आगीच्या एकेका भागावर देखरेख करणारे, उतरून येत, टेबलावर पसरलेल्या नकाशावर काजळी लागलेलं बोट टेकवत आणि सांगत, "रेषा इथे नाही, या धारेच्या पलीकडे आहे. आणि हा रस्ता नकाशात दिसतो, पण तिथे झाडं पडलीत, गाडी जात नाही." 2020 मध्ये मी घरी बसलो. नकाशे क्यूआर कोडवर गेले. लोक ते फोनमध्ये उतरवून घेत आणि सिग्नल नसलेल्या डोंगरात वापरत. नकाशा सगळ्यांकडे आधीपेक्षा लवकर पोचू लागला, हा फायदा खराच. पण फोनवर निरीक्षक फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो. पडलेल्या झाडांबद्दल विचारायचं मला घरी बसून सुचणार कसं?

लस आल्यावर सगळं पूर्ववत झालं का, तर नाही. 2021 मध्ये सज्जता पातळी 14 जुलैलाच 5 वर गेली आणि तुकड्यांमधल्या रिकाम्या जागा भरता येत नव्हत्या. विखुरलेले तळ चालवायला जास्त गाड्या, जास्त स्वयंपाकी, जास्त पाणी लागतं. त्यामुळे सक्ती सैल होताच छावण्या पुन्हा मोठ्या झाल्या आणि खोकलाही परत आला. दूरून काम करणं मात्र टिकलं. मोठ्या वणव्यावर हिशेब आणि नकाशे करणारे काही जण घरून, आणि किमान एक नकाशावाला तळावर, अशी वाटणी आता बऱ्याचदा असते. निवडायची वेळ आली तर मी तळावरची पाळी घेतो.