तेरा वर्षं लॅबमध्ये, आणि आता पुन्हा शिकाऊ

"मॅडम, माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान मुलगी माझा कोड तपासते आणि खाली लिहिते 'हे परत कर'. आता हे मी घरी काय सांगू?"

पहिल्या सेशनचं पहिलं वाक्य. (त्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.) करिअर बदलायला निघालेले लोक माझ्याकडे सल्ल्याला येतात तेव्हा तोंडाने विचारतात की या वयात जमेल का, कोडिंग झेपेल का, गणित कच्चं आहे चालेल का, आणि अर्ध्या तासाने कळतं की खरी भीती दुसरीच आहे. जिथे लोक आपल्याला विचारायला यायचे तिथून उठून आपण अशा जागी जाणार जिथे दर तासाला आपल्यालाच कुणालातरी विचारावं लागणार. ही भीती लाजेची असते, आणि लाज वाटते हे सांगायचीही लाज वाटते.

हे गृहस्थ ३७ वर्षांचे, पॅथॉलॉजी लॅबमध्ये १३ वर्षं टेक्निशियन. दीड वर्ष रात्री बसून प्रोग्रामिंग शिकले आणि १२ महिन्यांची सॉफ्टवेअर अप्रेंटिसशिप मिळवली. म्हणजे नोकरीच, पगार कमी, पण कामाच्या वेळेतच शिकायचं, टीममध्ये बसून खऱ्या प्रॉडक्टवर. माझ्याकडे आले तेव्हा चार महिने झाले होते आणि राजीनाम्याचा ईमेल ड्राफ्टमध्ये लिहून ठेवलेला होता.

ज्यांचं अजून ठरायचंय त्यांच्यासाठी इथेच एक सांगून टाकते, नंतर राहून जाईल. अप्रेंटिसशिप हे नाव कुणीही कशालाही देतं. सही करायच्या आधी विचारा की माझा मेंटॉर कोण, नाव सांगा, आणि त्याच्या कामात माझ्यासाठी वेळ धरलाय का. आठवड्यातले किती तास शिकायला आहेत. मागच्या बॅचमधले किती जण कायम झाले, आणि कशावरून ठरलं. संपल्यावर पद कोणतं, ते लेखी आहे का. आणि शिकवायचे पैसे तेच तुमच्याकडून मागत असतील तर तो क्लास आहे, नाव काहीही असो. पैशांचं गणित नोकरी सोडायच्या आधी घरच्यांसोबत कागदावर मांडा, कमी पगाराचे महिने अधिक शोधाशोधीचे काही महिने असं, कारण पैशाची चिंता डोक्यात असताना नवीन काही शिरत नाही हे मी इतक्या वेळा बघितलंय की यावर वाद घालायला मी तयार नाही.

तर ह्यांनी हे सगळं नीट विचारूनच घेतलं होतं, मेंटॉरही (तीच ती कोड तपासणारी मुलगी) चांगली होती, प्रोग्रॅमही बरा होता. मग गाडी अडली कुठे?

म्हटलं, मागच्या आठवड्यातला एक वाईट दिवस सांगा. म्हणाले, दिवस नाही, तीन दिवस. एक छोटं काम दिलेलं, यांच्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालायचं आणि टेस्ट सर्व्हरवर टाकलं की बंद पडायचं. तीन दिवस एकटेच झगडले, रात्री घरीही, आपला लिहिलेला कोड चार वेळा पुसून परत लिहिला. चौथ्या दिवशी त्या मुलीने स्वतःहून विचारलं, तिने दहा मिनिटांत शोधलं. सर्व्हरवर एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे कोडच्या बाहेर त्या मशीनवर ठेवायची एक सेटिंग, सेट करायचं राहिलेलं, कोडमध्ये काही चूकच नव्हती. ती सहज म्हणाली, "अरे पहिल्या दिवशीच विचारायचंस ना," आणि ह्यांना ते इतकं लागलं की त्याच रात्री तो ईमेल लिहिला.

मी विचारलं, "पहिल्या दिवशी का नाही विचारलंत?"

"ती बिझी असते हो. आणि तिला वाटेल एवढंही येत नाही."

इथे समजूत घालायचा मोह होतो, की नाही हो, असं कुणी म्हणत नसतं वगैरे. मी तो आवरला, कारण अशी समजूत दार ओलांडेपर्यंतसुद्धा टिकत नाही. त्याऐवजी त्यांच्या जुन्या कामाबद्दल विचारलं. लॅबमध्ये असं कधी व्हायचं का, की समोरचा कितीही बिझी असू दे, तुम्ही फोन करायचातच?

एकदम ताठ बसले. "पॅनिक व्हॅल्यू आली की. पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असतं, ते ७ आलं तर पेशंटचं हृदय बंद पडू शकतं. लगेच फोन. डॉक्टर झोपलेले असोत नाहीतर कुणावर ओरडत असोत."

"तेव्हा वाटायचं का, की डॉक्टर म्हणतील ह्याला एवढंही कळत नाही?"

"छे! फोन नाही केला तर विचारतील."

(नंतर मी वाचलं, ही पॅनिक व्हॅल्यूची कल्पना जॉर्ज लुंडबर्ग नावाच्या पॅथॉलॉजिस्टने १९७२ मध्ये मांडली. त्याआधी फोन कधी करायचा हे ज्याच्या त्याच्या अंदाजावर असायचं. मला त्यातलं हेच आवडलं, की एकदा आकडा ठरला की माणसाला धीर गोळा करावा लागत नाही, कागदावर आकडा दिसला की फोन.)

मग तेच म्हणाले, "पण मॅडम, ७ दिसलं की डोळे झाकून फोन नाही करत हं. आधी सॅम्पल बघतो. हिमोलाइज झालं असेल, म्हणजे घेताना रक्तपेशी फुटल्या असतील, तर आतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि रिपोर्ट उगाच वाढलेला दिसतो. सिरम लालसर दिसतं. ते बघायला मिनिटभर लागतं."

मला तर पुढे काही सांगायची गरजच उरली नाही असं वाटलं, पण तरी आम्ही बसून लिहून काढलं. अडकण्याची पॅनिक व्हॅल्यू ४५ मिनिटं. ४५ मिनिटांत काहीच नवीन कळलं नसेल तर विचारायचं, मूड असो नसो. त्याआधी सॅम्पल बघायचं, म्हणजे एरर मेसेज शेवटपर्यंत वाचला का, शेवटचा बदल काढून बघितला का, दोन ठिकाणी वेगळं वागतंय तर त्या दोन ठिकाणांत फरक काय. आणि विचारताना 'चालत नाहीये' एवढंच नाही म्हणायचं. काय व्हायला हवं होतं, काय झालं, मी काय काय करून बघितलं, या तीन ओळी. सिनियर माणसाला वैताग प्रश्नाचा येत नाही, अंदाज घेत बसावं लागतं त्याचा येतो.

पुढच्या वेळी आले तेव्हा तक्रार नवीन. "मला फुटकळ कामं देतात. स्क्रीनवरच्या बटणाचा मजकूर बदल, कोड तपासणारी टेस्ट लिही, जुना बग काढ."

यावर मी त्यांना शिंप्यांची गोष्ट सांगितली. जीन लेव्ह या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात लायबेरियातल्या शिंप्यांकडे उमेदवारी कशी चालते ते बघितलं. तिथे शिकाऊ मुलगा सुरुवात करतो शेवटून, म्हणजे बटणं लाव, हातशिलाई कर, इस्त्री कर. मग शिवण, आणि कापड कापणं सगळ्यात शेवटी. कापडावर कात्री चुकली तर कापड गेलं, बटण चुकलं तर उसवून परत लावता येतं, आणि बटणं लावता लावता तयार कपडा आतून बाहेरून कसा असतो ते हाताला कळत जातं. बग काढणं तेच आहे. दुसऱ्यांनी बांधलेलं घर कुठे गळतं ते बघत बघत तुम्ही ते घर शिकता. मात्र आठ-नऊ महिने झाले तरी बटणंच असतील तर गप्प बसू नका, तेव्हा मेंटॉरला स्पष्ट विचारा की कात्री कधी, हेही सांगितलं.

मधेच एकदा त्यांनी कुठेतरी वाचलेला 'इम्पोस्टर सिंड्रोम' आणला. मी जरा कठोर झाले. पॉलीन क्लॅन्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये त्याबद्दल लिहिलं, आणि त्यांनी त्याला सिंड्रोम म्हटलंच नव्हतं. ते यशस्वी बायकांबद्दल होतं, ज्यांना काम उत्तम येत होतं तरी आपण फसवतोय असं वाटायचं. तुम्हाला चार महिन्यांत खरंच बरंच येत नाहीये, आणि ते लपवायचं कारणही नाहीये, तुमच्या पदाच्या नावातच शिकाऊ लिहिलंय. हसले. पहिल्यांदाच.

खरा बदल मात्र माझ्यामुळे नाही झाला, एका रिपोर्टमुळे झाला. टीमच्या डॅशबोर्डवर एक सरासरी दाखवायचे आणि ती काही दिवस कमीच दिसत होती, सगळे म्हणाले, सीझन असेल. ह्यांनी टेस्ट लिहिताना बघितलं की जिथे माहिती भरलेलीच नाही तिथे कोड शून्य धरतोय. "मॅडम, लॅबमध्ये शून्य आणि 'टेस्ट केली नाही' ह्यात फरक नाही केला तर घरी पाठवतील!" त्यांच्यासाठी ही इतकी साधी गोष्ट होती की बग म्हणून सांगावं का यावरच दोन तास विचार केला (४५ मिनिटांचा नियम तेव्हा कुठे गेला होता कोण जाणे). तसंच टेस्ट चालवल्याशिवाय कोड पुढे ढकलायचा नाही हे बाकीच्या शिकाऊंना परत परत सांगावं लागायचं, ह्यांना कधीच नाही, रोज सकाळी आधी कंट्रोल (ज्याचं उत्तर आधीच माहीत असतं असं सॅम्पल, मशीन बरोबर आहे ना बघायला) लावून मग पेशंटची सॅम्पल्स लावण्यात १३ वर्षं गेलेली.

१२ महिन्यांनी लगेच कायम नाही झाले, तीन महिने वाढवून दिले, डेटाबेसचं काम कच्चं होतं म्हणून. ते तीन महिने वाईट गेले, घरी भांडणंही झाली, पगाराचा विषय अजूनही नाजूकच आहे कारण लॅबच्या शेवटच्या पगाराला ते अजून पोचलेले नाहीत. मग ज्युनियर म्हणून घेतलं. त्या मेंटॉरला काय हाक मारायची, अहो की अगं, याचा घोळ मात्र वर्षभर संपला नाही, शेवटी ती म्हणाली नावाने बोलाव नाहीतर मी तुला काका म्हणेन, तेव्हा संपला.

परवा फोन होता. टीममध्ये आता कुणी अडलं म्हणून आलं की बाकीचे आधी विचारतात, "हिमोलाइज्ड नाही ना?" नवीन आलेल्या मुलाला अर्थ कळेना, तर त्याला ह्यांच्याकडे पाठवलं.